कोरडं कपाळ

चैताच्या उन्हामंदी, दगुड पाझरला
तान्ह्याच्या कपाळाला, थेंब नाही आला

आईचा आवाज जात्याच्या घरघरीखालून यायचा. हरसूलजवळच्या वस्तीवर नऊ वर्षांची वत्सला उंबऱ्यात बसून मांडीवरच्या भावाला सुपानं वारा घालायची. बाळ उन्हानं लालबुंद व्हायचं, धापा टाकायचं, पण कपाळावर, मानेत, तळहातात ओल म्हणून नाही. भागीबाई, वत्सलाची आई, ते दळता दळता ओवीत सांगायची. कुणाला ऐकवायला नव्हे, बोलायला दुसरी जागा नव्हती म्हणून.

श्रावणात त्या बाळाची छाती भरली आणि ते गेलं. दोन वर्षांनी बहीण झाली. तिलाही घाम नव्हता. तीही सहा महिन्यांची होऊन गेली. मग वस्तीतल्या बायका भागीबाईला बारशाला बोलवेनाशा झाल्या, आणि बोलावलंच तर पाळण्यापासून लांब बसवू लागल्या. शेवटी वत्सलाच्या वडलांनी नाशकात, अंबडला नव्यानं उठणाऱ्या कारखान्यांच्या बांधकामावर काम धरलं. निघायच्या सकाळी भागीबाईनं लेकीला मागच्या दारी नेलं.

"आता नवं गाव हाय," ती म्हणाली. "ती दोघं आपल्यात झालीच न्हाईत. कुणी इचारलं तर तू एकलीच. काय सांगशील?"

"एकलीच," वत्सला म्हणाली.

नाशकात आल्यावर तिसऱ्या वर्षी भिका झाला. पहिल्याच उन्हाळ्यात त्याचं झबलं घामानं ओलंचिंब झालं. भागीबाईनं ते वाळत घातलं नाही. दुपारभर हातात धरून बसली. त्या दोघांबद्दल तिनं पुढे कधी शब्द काढला नाही, भिकाला तर नाहीच. ती गेली, आणि वत्सलाला वाटलं की तिच्याबरोबर ती गोष्टही गेली.

हरसूल सोडल्याला पन्नास वर्षं होत आली. वत्सला आता वत्सलाबाई होत्या. अंबडजवळच्या कॉलनीत त्यांनी सव्वीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम केलं. वजनकाटा खांद्याला लावून घरोघर जायचं, पोराला झोळीत घालून काटा धरायचा, सेविका रजिस्टर भरायची आणि प्रश्न वत्सलाबाई विचारायच्या, कारण बायका त्यांच्याशी बोलायच्या. त्यातला एक प्रश्न ठरलेला: याआधी घरात कुणाचं मूल दगावलंय का? कुणी रडायची, कुणी नवऱ्याकडे बघायची. आणि कुणाकुणाचं "नाही" इतक्या पटकन यायचं की वत्सलाबाई सेविकेला डोळ्यांनीच खुणवायच्या, लिहू नको अजून. मग चहा मागून तिथेच बसायच्या. दुसरा घोट जाईस्तोवर खरं बाहेर यायचं. सेविका गमतीनं म्हणायची, वत्सलाबाई, तुम्हाला पोलिसात घ्यायला हवं होतं.

नवरा केव्हाच गेला होता. त्यांचा एकुलता मुलगा मयूर अंबडच्या एका कारखान्यात लेथवर पितळी व्हॉल्व्ह कातायचा. भिकाचं देवळाली कॅम्पात जवानांच्या गणवेशावर पट्ट्या, बिल्ले शिवायचं दुकान होतं. बायको गेल्यापासून लेक तृप्ती हेच त्याचं घर. तृप्ती पदवीधर झाली आणि वत्सलाबाईंनी भावाकडे तिला मागितली. बहिणीनं भावाची लेक मागायची, भावानं हसत द्यायची, हे आपल्याकडे चालत आलेलंच. पोरांनाही एकमेकांची ओढ होती. भिका म्हणाला, "आक्का, लहानपणी माझे लाडू खाल्लेस, आता लेक पण नेतेस?" त्या म्हणाल्या, "आता आक्का नाही म्हणायचं, विहीणबाई म्हण आणि आहेर काढ." हळदीच्या दिवशी त्यांनीच ओवी धरली होती:

कशाला हिंडू दारं, भाऊ माझा व्याही
एका कणगीचा दाणा, पारख लागत नाही

तेव्हा त्यांना ती दोन बाळं आठवली का? नाही आठवली. हे पुढे त्या स्वतःला पुन्हा पुन्हा सांगणार होत्या, आणि तेवढं खरंही होतं.

जानेवारीत सुमेध झाला. बाळसेदार, टपोऱ्या डोळ्यांचा. फक्त अंगानं जरा सैल. उचलला की भिजल्या कणकेसारखा हातावर पसरायचा. तृप्ती पॅकिंगच्या कारखान्यात आठव्या महिन्यापर्यंत कामाला गेली होती, म्हणून थकून आलाय, असं शेजारणी म्हणायच्या. वत्सलाबाई ते हसण्यावारी न्यायच्या.

एप्रिलात एका दुपारी वीज गेली. घरात सगळे निथळत होते. मयूरचा बनियन पाठीला चिकटलेला, तृप्ती पदरानं गळा पुसतेय. सुमेध पाळण्यात लाल होऊन धापा टाकत होता. तृप्ती कौतुकानं म्हणाली, "आत्या, बघ ना हा किती कोरडा असतो. याला पावडरसुद्धा लागत नाही." लग्न झाल्यावरही ती त्यांना आत्याच म्हणायची. आई म्हण, असं बायकांनी किती सांगितलं, पण जमलंच नाही तिला.

वत्सलाबाईंनी बाळाच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ उन्हात ठेवलेल्या ताटासारखं, तापलेलं आणि कोरडं. हात तिथेच राहिला. पन्नास वर्षांपूर्वीचं एक कपाळ त्या हाताला ठाऊक होतं. मग त्यांनी ओलं फडकं आणलं आणि बाळाला पुसत राहिल्या.

मे महिन्यात बाळाच्या जिभेवर पांढरा थर आला, तो पुसला तरी जाईना. पाठोपाठ खोकला. तृप्तीनं आठ दिवस घरीच ओव्याच्या पोटलीनं शेकलं, मग ताप चढला तेव्हा दवाखान्यात नेलं. मुलांच्या डॉक्टर अंजली मॅडम वयानं तरुण होत्या आणि सगळं नीट विचारायच्या. लग्न नात्यातलं आहे का? तृप्ती म्हणाली, हो, आत्याचा मुलगा. दोन्ही घरांत कुणाचं तान्हं बाळ गेलंय का? तृप्तीला माहीत नव्हतं. मयूरलाही नव्हतं. दोघांनी वत्सलाबाईंकडे पाहिलं. बाजूच्या खुर्चीवर भिका बसला होता, त्यानंही पाहिलं. घरातलं जुनं माणूस त्याच.

"नाही," वत्सलाबाई म्हणाल्या.

इतकं पटकन आलं ते, की स्वतःचं "नाही" त्यांना दुसऱ्याच कुणाचं तरी वाटलं. सव्वीस वर्षांत अशी किती "नाही" त्यांनी दारात उभं राहून ओळखली होती. इथे चहा मागून बसणारं कुणी नव्हतं. भिका म्हणेल, आक्का, तुला ठाऊक होतं आणि तू माझी पोर मागितलीस? या एका वाक्याची भीती इतकी मोठी होती की तिच्यामागे बाळ दिसेना. मॅडमनी कागदावर लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. पांढऱ्या पेशी भरपूर, हव्या त्या सगळ्या जातीच्या. पेशी कमी असत्या तर जन्मजात प्रतिकारशक्तीच्या आजाराची लगेच शंका आली असती, मॅडम नंतर म्हणाल्या. औषधानं ताप उतरला आणि बाळ घरी आलं. वत्सलाबाईंनी मनाला समजावलं, बघ, ते वेगळं होतं, हे वेगळं आहे. दोन आठवड्यांनी पुन्हा ताप. पुन्हा दवाखाना, पुन्हा घर. रोज सकाळी त्या ठरवायच्या की आज सांगू. रोज संध्याकाळी तृप्ती डोकं त्यांच्या खांद्यावर टेकायची आणि म्हणायची, तू आहेस म्हणून मी उभी आहे गं. मग सांगणं राहून जायचं.

जुलैत न्यूमोनियानं दोन्ही फुप्फुसं धरली. या वेळी मॅडमनी रक्त मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवलं. पेशी मोजायला नव्हे, त्या काम करतात का हे बघायला. रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी सगळ्यांना बसवून कागद पुढे केला. त्यावर दोन रेषा होत्या. एक निरोगी माणसाची: आधी छोटी उसळी, मग उभा चढ, आणि वर गेल्यावर तिथेच टिकलेली, डोंगराच्या माथ्यासारखी. दुसरी सुमेधची: तीच छोटी उसळी, आणि पुढे सपाट.

मॅडम सावकाश सांगत होत्या. जंतू भेटला की लढणाऱ्या पेशीच्या आत साठवलेलं थोडं कॅल्शियम सुटतं. तीच ती छोटी उसळी. आतला साठा रिकामा झाला की एक पहारेकरी ते ओळखतो, पेशीच्या भिंतीशी जातो आणि तिथलं दार उघडतो. मग बाहेरचं कॅल्शियम लोंढ्यानं आत येतं, येत राहतं. तो लोंढा बराच वेळ टिकला तरच पेशीला निरोप पोचतो की ऊठ, एकाची हजार हो, लढ. प्रयोगशाळेत पेशींना एक रंग पाजतात, कॅल्शियम आत आलं की तो चमकतो. सुमेधच्या पेशी क्षणभर चमकल्या आणि विझल्या. "त्याच्याकडे सगळं आहे," मॅडम म्हणाल्या. "फक्त ते दार उघडत नाही."

मग त्यांनी तृप्तीला विचारलं, याला घाम येतो का? तृप्ती म्हणाली, नाही येत, मला वाटायचं बाळ स्वच्छ आहे. मॅडम म्हणाल्या, घामाच्या ग्रंथींनाही तेच दार लागतं, मी आधी विचारायला हवं होतं. वत्सलाबाई कागदाकडे बघत राहिल्या. आताही त्यांनी तोंड उघडलं नाही. आता सांगून काय, असं एक नवं कारण त्यांना मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी भिका देवळालीहून आला तो दोन पिशव्या घेऊन. एकीत नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ, हरसूलच्या बाजारातून मुद्दाम मागवलेलं. दुसरीत कॅल्शियमच्या औषधाच्या चार बाटल्या. म्हणाला, "कॅल्शियमच कमी पडतंय ना पोराला? नागलीसारखं कॅल्शियम कशात नाय. आक्का, पेज कर." वत्सलाबाईंनी स्वतः कितीतरी गरोदर बायकांना त्या गोळ्या वाटल्या होत्या. त्यांनाही वाटलं, करून बघावी. मयूरनं पिशवी हळूच बाजूला ठेवली आणि मामाला वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसवलं.

"मामा, तुमच्या गच्चीवर टाकी आहे ना? त्यात बॉल असतो."

"असतो."

"पाणी उतरलं की बॉल खाली जातो. बॉल खाली गेला की व्हॉल्व्ह उघडतो आणि नळाचं पाणी आत येतं. सुमेधचा बॉल बरोबर खाली जातो, मामा. नळाला पाणी पण भरपूर आहे, रक्तात कॅल्शियम कमी नाहीच. व्हॉल्व्हच जाम होऊन बसलाय. तुम्ही नळाला आणखी कितीही पाणी सोडा."

भिकानं मयूरच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू तर व्हॉल्व्हच बनवतोस."

"दिवसाला दोनशे," मयूर म्हणाला, आणि उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

संध्याकाळच्या फेरीला त्यानं मॅडमना विचारलं, तो एक व्हॉल्व्ह बदलता येत नाही का? मॅडम म्हणाल्या, प्रत्येक पेशीत तो तसाच आहे. म्हणून जिथे पेशी तयार होतात ती हाडांतली मज्जाच दुसऱ्याची घालावी लागते. तुमची अर्धी जुळते, तेवढी चालू शकते. पण आधी छाती स्वच्छ व्हायला हवी, नाहीतर बाळ ते सोसणार नाही. मयूरनं त्याच दिवशी तपासणीसाठी रक्त दिलं. पुढे वीस दिवस सगळे त्या इवल्या छातीकडे बघत बसले. पितळ कातणारी त्याची बोटं बाळाच्या बरगड्यांवर इतकी हलकी ठेवलेली असायची, जणू तिथे काही लिहिलंय आणि ते पुसलं जाईल.

छाती स्वच्छ झाली नाही. ऑगस्टातल्या एका सकाळी, नर्स दूध मोजत असताना, सुमेध गेला. सात महिन्यांचा होता. तृप्तीनं त्याचं टोपडं सारखं केलं, दोनदा केलं, मग तिसऱ्यांदा करू लागली तेव्हा वत्सलाबाईंनी तिचा हात धरला. विहारात वंदना झाली. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली, जयभीम म्हणाली, पाठीवर हात ठेवून गेली.

जाताना काही बायका कुजबुजल्याही. आठव्या महिन्यापर्यंत कारखान्यातल्या वासात राबली, पोटातच पोर नासलं. तृप्तीनं ते ऐकलं आणि मानून टाकलं. वरून तिचं स्वतःचं एक होतंच: ते आठ दिवस. दवाखान्यात नेण्याआधीचे, ओव्याच्या पोटलीचे आठ दिवस. ती जेवताना म्हणायची, मी आठ दिवस वाया घालवले. झोपेतून उठून म्हणायची. महिन्याभरानं कपडे भरून देवळालीला बापाकडे निघून गेली आणि मयूरला निरोप पाठवला की तू दुसरं लग्न कर, माझ्या हातून मूल जगायचं नाही. मयूर दर रविवारी बसनं तिकडे जायचा, दुकानाच्या पायरीवर बसायचा आणि परत यायचा. तिनं त्याला पाणी दिलं, एवढंच घरी येऊन सांगायचा.

मयूर कामावर गेला की वत्सलाबाई घरात एकट्या. रिकाम्या पाळण्याच्या कड्या त्यांनी काढल्या नव्हत्या. जातं तर केव्हाच गेलेलं, तरी भांडी घासताना ओठांवर ओळी यायच्या:

माझ्या ग सुनेबाई, नको भाळी बोल लावू
माझ्या जिभेखाली काटा, कुण्या वैद्याला दावू

त्या ओळी ऐकायलाही कुणी नव्हतं. आई असंच करायची, त्यांच्या ध्यानात आलं; जे माणसांना सांगायचं ते दगडाला सांगायची. आणि त्यातून काय झालं ते आता समोर होतं. आईला त्यांनी दोष दिला नाही. आईला कुणी विचारलं नव्हतं. त्यांना विचारलं होतं.

नोव्हेंबरात जनुकांचा रिपोर्ट आला आणि अंजली मॅडमनी चौघांनाही बोलावलं. तृप्ती बापाबरोबर आली, बारीक झालेली, खुर्चीच्या कडेला टेकून बसली. मॅडमनी कोऱ्या कागदावर वंशावळ काढायला घेतली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. वर भागीबाई आणि त्यांचा नवरा. नात्यातलं होतं का त्यांचं? भिका म्हणाला, हो, आईच्या सख्ख्या मामाचा पोरगा म्हणजे आमचे वडील. मॅडमनी दोघांमध्ये दुहेरी रेघ ओढली. खाली वत्सलाबाईंचा गोल, भिकाचा चौकोन. त्याखाली मयूर आणि तृप्ती, त्यांच्यामध्येही दुहेरी रेघ. सगळ्यात खाली एक छोटा चौकोन, आणि त्यावर तिरकी रेघ. ती रेघ ओढताना त्यांचा हात जरा थांबला.

मग त्या म्हणाल्या की बिघाडाची एक प्रत मयूरकडे आहे, एक तृप्तीकडे. एकेकट्यानं ती काहीच करत नाही. दोन्हीकडून एकच आली की दार मिटतं. ही पिढ्यान्पिढ्या गुपचूप चालत येते. कारखान्यातल्या वासाचा याच्याशी संबंध नाही. पुढच्या वेळी गरोदरपणातच तपासता येईल, चारात तीन वेळा बाळ निरोगी असतं. "यात कुणाचीच चूक नाही," त्या म्हणाल्या. "कुणाला माहीत असणं शक्यच नव्हतं."

मयूरनं श्वास सोडला. भिकानं चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि लेकीच्या पाठीवर थोपटलं, ऐकलंस ना, ऐकलंस ना, असं करत. खोलीत पहिल्यांदाच जरा हवा आल्यासारखी झाली. वत्सलाबाईंच्याही पुढ्यात ती क्षमा येऊन पडली होती. हात पुढे केला असता तर जन्मभराची झाली असती.

तृप्ती मात्र हलली नाही. "पण ते आठ दिवस, मॅडम?"

मॅडम म्हणाल्या, "आठ दिवसांनी काही बदललं नसतं, तृप्ती."

"मग कितीनं बदललं असतं?"

मॅडमनी उत्तर टाळायचा प्रयत्न केला. कागद सारखा केला, पेनाला टोपण लावलं. पण तृप्ती त्यांच्याकडे बघतच राहिली. शेवटी त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "दोन महिने. मेमध्ये तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हाच शंका आली असती, त्याची छाती जरा स्वच्छ होती तेव्हा, तर संधी होती. नक्की सांगता येत नाही, पण होती. पण कळायला काही मार्गच नव्हता. पेशी भरपूर होत्या, घरात कुणाचं बाळ गेलेलं नव्हतं."

तृप्तीनं मान हलवली. "मीच आधी आणायला हवं होतं," ती पुन्हा म्हणाली, जणू आधीचं काही ऐकलंच नव्हतं. "एप्रिलात आणायला हवं होतं. आई होते मी, मला कळायला हवं होतं."

वत्सलाबाई उठून उभ्या राहिल्या. बसून बोलता येईल असं त्यांना वाटलं नाही. भिका म्हणाला, काय झालं आक्का, पाणी हवंय का? त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग नजर काढून घेतली आणि तृप्तीच्या समोर येऊन थांबल्या.

"मार्ग होता," त्या म्हणाल्या. "मॅडम, माझ्यात आणि भिकात तुम्ही दोघं गाळलीत. माझ्या पाठचा एक भाऊ, एक बहीण. दोघं तान्हीच गेली, छाती भरून. भिकाला माहीत नाही, त्याच्या आधीची गोष्ट आहे. मला माहीत होतं. तृप्ती, तू म्हणालीस ना बघ किती कोरडा असतो, तेव्हाच मला कळलं होतं गं. आणि मे महिन्यात याच खोलीत मॅडमनी मला विचारलं, आणि मी नाही म्हणाले. तू मला सोडून जाशील, हा मला बहीण म्हणणार नाही, म्हणून नाही म्हणाले. तुझे आठ दिवस धरू नकोस. ते दोन महिने माझे आहेत."